बिनचेहऱ्याची भिंत

माझा धंदा काय, हे नांदेडात आजवर मला कुणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. "डीजेबरोबर काम करते" म्हटलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या पिकलेल्या केसांकडे आणि मग कीव केल्यासारखं माझ्या नवऱ्याकडे. "कॉम्प्युटरचं काम करते" म्हटलं की सातबारा ऑनलाइन दिसत नसल्याची तक्रार माझ्याकडे येते. शेवटी मी "एलईडीचं काम" असं सांगायला लागले, तर शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघरातली ट्यूब बदलून मागितली. बदलून दिली. निदान तेवढं काम तरी त्यांना कळलं.

तर एकदा नीट सांगते. नाचायच्या जागी डीजेच्या पाठीमागे एलईडीची मोठी भिंत असते आणि तिच्यावर चित्रं हलत असतात. बहुतेक ठिकाणी ती आधीच भरून आणलेली असतात. समोर कुणी नाचतंय की झोपलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मी ती चित्रं नाचणाऱ्यांच्या हातात देते. समोर कॅमेरा बसवायचा, तो फरशीवरची माणसं बघतो, कॉम्प्युटर त्यांच्या हालचाली पकडतो आणि भिंतीवर उमटवतो. तुम्ही हात वर केलात तर भिंतीवर वेल चढतो. गिरकी घेतलीत तर पाण्याचा भोवरा फिरतो. सगळ्यांनी मिळून टाळी दिली तर अख्खी भिंत उजळून निघते. थोडक्यात, बघायला आलेल्या माणसानंच चित्र काढायचं. मी फक्त रंग कालवून ठेवते.

पुण्यातल्या क्लबांत मी काही वर्षं हेच केलं. तिथली माणसं भिंतीसमोर उभी राहायची, ओठांचा चंबू करून स्वतःचा फोटो काढायची आणि मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची. वेल चढलाय की वाळलाय, कुणाला पत्ता नसायचा. पुढे सासूबाईंचं आजारपण निघालं आणि आम्ही नांदेडला आलो. मला वाटलं, बरं झालं. आपली माणसं मोकळी, मनात आलं की नाचणारी. इथं खरा सहभाग मिळेल. काय तो माझा भाबडेपणा!

सुरुवातीला मी बायपासजवळच्या लॉन्सवर हळदीच्या आणि संगीताच्या सुपाऱ्या घ्यायचे. पहिल्याच कार्यक्रमात हौसेनं सोय केली की पाहुण्यांनी मोबाईलवरून मनातलं लिहायचं आणि ते भिंतीवर पाखरांसारखं उडत जायचं. मला वाटलं, नवरीच्या मैत्रिणी काही गोड लिहितील. पहिलं पाखरू उडालं ते असं : "पांढरी बोलेरो गेटमधून काढा." दुसरं : "जिलेबी संपली का?" मग कुण्या युवा मंचाच्या युवा नेत्याला वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा आल्या, त्याचा वाढदिवस दुसऱ्याच महिन्यात असूनसुद्धा. नवरीचं नाव कुणीही लिहिलं नाही. शेवटी मीच दोघांची नावं लिहिली, तर वरपित्यानं येऊन विचारलं की आमच्या मुलाचं नाव खाली का?

त्याहून भारी प्रकार एका पुढाऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, पुतण्याच्या हळदीत झाला. मी असं जमवलं होतं की जो जास्त नाचेल त्याची आकृती भिंतीवर मोठी होत जाईल. पोरं पेटली होती. वाढप्यांपैकी एक जण असा काही नाचला की त्याची सावली भिंतीबाहेर जायला लागली. एवढ्यात चार कार्यकर्ते माझ्याकडे आले.

"मॅडम, भाऊ दिसून नाही राहिले."

"भाऊ सोफ्यावर बसलेत," मी म्हटलं. "जो हलेल तो मोठा दिसतो."

"भाऊ कशाला हलतील?"

"मग कसे दिसतील?"

"ते तुमचं तुम्ही बघा. भाऊंना न हलता मोठं करा."

वाढप्याला हाकलून दिलं आणि भाऊ न हलता मोठे झाले. त्या दिवसापासून मी एक बटणच बनवून ठेवलं. ते दाबलं की प्रमुख पाहुण्यांचा हसरा फोटो भिंतभर येतो, मागे सोनेरी चक्र फिरतं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. माझ्या कॉम्प्युटरवर त्या फाईलचं नाव 'देव्हारा' असं आहे. आजवर सगळ्यात जास्त वाहवा मला या देव्हाऱ्यानंच मिळवून दिली, हे सांगताना माझ्या जिवाचा संताप होतो.

देव्हारा सोडला तर मी एक नियम कायमचा केला. नाचणाऱ्याचा चेहरा भिंतीवर येणार नाही, फक्त आकृती येईल. कारण साधं आहे. चेहरा दिसला की आपला माणूस नाचायचा थांबतो आणि केस सारखे करतो. वर मानपान निघतं : मामाचा चेहरा आधी की आत्याच्या नवऱ्याचा? आकृतीला ना मान लागतो ना पान. आणि बायकांच्या बाबतीत तर चेहरा नकोच. कुणीतरी मोबाईल धरतो, नाचणारी गावाकडे पोहोचायच्या आत व्हिडिओ पोहोचतो, आणि पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहेच.

या नियमावर लातूरच्या शेठची आणि माझी पहिल्या दिवसापासून वादावादी. शेठचं रिंग रोडला मंगल कार्यालय. लग्नाच्या तिथी नसताना हॉल ओस पडतो म्हणून त्यानं तळघरात नाचायची जागा काढली, भिंत सांभाळायला मला नांदेडहून बोलावलं आणि बोर्डावर लिहिलं, 'फॅमिली डान्स क्लब'. खाली बारीक अक्षरात 'शुद्ध शाकाहारी'. प्यायला मोसंबीचा ज्यूस आणि लिंबू सोडा. संध्याकाळी इथं पोरं यायची, एकमेकांच्या अंगावर सोडा उडवायची आणि भिंतीला पाठ करून नाचायची. पण रविवारची दुपार फक्त बायकांची होती, आणि तेवढ्या वेळापुरतं मला माझ्या धंद्याचं समाधान वाटायचं. या बायका फोटोबिटो काढत नव्हत्या. दारात आल्या की आधी तोंडावरचा स्कार्फ सोडायच्या आणि मग नाचायच्या.

तिथंच मला बिडवे बाई भेटल्या. मोठ्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या, मास्तरकीचा करारी चेहरा. पहिल्या दिवशी नाचायचं सोडून माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"खांद्यानं दुखणं काढलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. घरची भिंत काय, पांढरीफेक. कंटाळा आला. भाची म्हणाली, इथली भिंत हाताबरोबर वेल चढवते."

"चढवते की."

"कुठवर?"

"जिथवर हात जाईल तिथवर."

बाईंनी डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली घेतला आणि तो हात वर ढकलला. भिंतीवर त्यांची काळी आकृती उमटली आणि तिच्या बोटांतून हिरवा वेल निघाला. थोडा वर जाऊन थांबला. बाई वहीतली चूक बघावी तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा ढकलला.

काही रविवार गेले आणि खांदा हे नुसतं निमित्त उरलं. बाई नाचायला लागल्या. फार भारी नाचायच्या असं नाही. पाय मोजून टाकायच्या, ठेक्यावर चुकायच्या नाहीत आणि दर थोड्या वेळानं कोपराला टेकू देऊन हात वर न्यायच्या. त्या टेकूची सवय जुनी होती. फळ्याच्या वरच्या ओळी लिहिताना वर्षानुवर्षं त्यांनी असाच हात उचलला होता. मला विचाराल तर त्या तळघरात माझ्या भिंतीचं चीज करणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे बाई.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "शैला, हे चित्र कुणी बाहेर नेत नाही ना?"

मी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे आबांना, बाईंच्या जागेवर आपली भाचेसून लावायची होती. बाईंनी स्वतःहून लवकर घरी जावं म्हणून बरेच प्रयोग झाले होते.

"त्यांना तक्रार पाहिजे आहे माझ्याविरुद्ध," बाई म्हणाल्या. "गणितात सापडत नाही, शिस्तीत सापडत नाही. नाचताना सापडले तर मग काय! संस्थेची अब्रू म्हणतील आणि चौकशी लावतील. मला शेवटच्या दिवशी शेवटचा तास घेऊन घरी जायचंय. ह्यांच्या चौकशीतून नाही जायचं."

"बाई, चेहराच नाही तर ओळखणार कोण?" मी छातीठोकपणे म्हटलं.

पुण्याचं पाणी लागलं की माणूस असं बोलतो. आमच्याकडे उन्हाळा असो की नसो, बाईमाणूस स्कूटीवर निघालं की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात बांधलेलं असतं. तरीही चौकातला पानवाला सांगतो की आत्ता जोश्यांची सून गेली. बांधावरून दूरवर ठिपका दिसला तरी घरचे लोक सांगतात, आपला तुकाराम यायलाय. चेहऱ्यावरून ओळखायची वेळ आमच्या माणसावर क्वचितच येते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त धंद्यात आठवलं नाही.

मग शेठच्या डोक्यात नवीन किडा वळवळला. कार्यालयाच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला, दुसरी भिंत लावायची.

"आत काय चाललंय ते रस्त्यावर दिसलं पाहिजे मॅडम. त्याबिगर गिऱ्हाईक येत न्हाई."

"बायकांच्या वेळात आतलं काहीही बाहेर जाणार नाही, शेठ. बाहेर फक्त भरलेली चित्रं. कबूल असेल तर जोडून देते."

"हाव हाव. तुम्ही म्हणाल तसं."

शेठ ज्या गोष्टीला दोनदा हाव म्हणतो ती तो करत नाही, हे मला तोवर कळायला हवं होतं.

उद्घाटन ठरलं रविवारी दुपारीच. फ्लेक्स लागला तेव्हा कळलं की प्रमुख पाहुणे आबा. शेठचे व्याही. मी बाईंना दारातच गाठून सांगितलं की आज परत जा.

बाईंनी स्कार्फ सोडला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. "आबा रस्त्यावर, मी तळघरात," त्या म्हणाल्या. "आठवडाभर त्यांच्याच शाळेत त्यांच्याच फोटोखाली बसते मी. रविवारची दुपार त्यांना द्यायची नाही."

बाहेर हलगी वाजत होती. आबा आले, फीत कापली, नारळ फुटला. मी आत माझ्या टेबलाशी होते. बायकांना रंग चढला होता. एवढ्यात बाहेरून शिट्ट्या ऐकू आल्या. भरलेल्या चित्रांवर, म्हणजे ढग आणि फुलांवर, लातूरचा माणूस शिट्टी मारत नाही. मी जिना चढून बाहेर धावले.

शेठनं स्वतः बटण फिरवलं होतं. आतल्या सगळ्या बायकांच्या आकृत्या रस्त्यावर, दुमजली उंचीच्या, भर उन्हात नाचत होत्या.

समोर अय्युबची चहाची टपरी. तिथं आणि रस्त्यावर मिळून हीऽ गर्दी. रिक्षावाले, आडतीतले हमाल, मोबाईलच्या दुकानातली माणसं, आबांचे कार्यकर्ते. ज्यांना नांदेडपासून लातूरपर्यंत मी भिंतीसमोर नाचवू शकले नव्हते, ते सगळे आता भिंतीवर तुटून पडले होते. निम्म्यांनी मोबाईल वर धरले होते. आणि खेळ सुरू झाला होता : ओळखा कोण.

"ती जाडी बघ, ती जाडी! कशी डुलायली!" एक मोबाईलवाला खिदळत होता. आकृतीनं पदर कमरेला खोचला, एका झटक्यात, डावीकडून. मोबाईलवाल्याचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं हात खाली घेतला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. घरची होती. त्याचे दोस्त फिस्स करून हसले. मला तर त्या सगळ्यांच्या एकेक कानशिलात ठेवून द्यावीशी वाटत होती. मी शेठकडे वळले, पण शेठ आबांच्या खुर्चीमागे वाकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

तेवढ्यात भिंतीच्या कडेची एक आकृती मधे आली. तिनं डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली घेतला आणि हात वर नेला. बोटांतून वेल निघाला.

अय्युब चहा गाळत होता. त्याची किटली तशीच वाकडी राहिली आणि चहा ग्लासाबाहेर सांडायला लागला. बाकड्यावरचा एक हमाल अर्धवट उठला. "ए... ह्या तर..." एवढंच बोलला आणि कळवळला, कारण शेजारच्या रिक्षावाल्यानं त्याच्या पायावर पाय दिला होता. गर्दीत एकदम काहीतरी फिरलं. शिट्ट्या थांबल्या. एकेक करून मोबाईल खिशात गेले. तेव्हा मला उमगलं की या भागातला जवळपास प्रत्येक बाप्या कधी ना कधी बाईंच्या वर्गात बसलेला आहे आणि तो टेकू यातल्या प्रत्येकानं फळ्यापाशी पाहिलेला आहे.

आबांनी मान वाकडी केली. "ही कोण रे? फळ्यावर लिवल्यागत करायली. बघितल्यागत वाटायली मला."

आबा टपरीकडे वळले.

"अय्युब, तू तर आपल्याच शाळेतला. कोण हाय?"

अय्युबची टपरी शेठच्या जागेत होती आणि आबांच्या मेहेरबानीवर उभी होती. त्यानं फडक्यानं सांडलेला चहा पुसला, सावकाश पुसला.

"मालूम न्हाई आबा. लातूरची वाटतच न्हाई. मशीनमदी भरलेली असंल."

"हाव, व्हिडिओ हाय त्यो," हमाल म्हणाला. पाय चोळत म्हणाला.

"मुंबईहून आणत्यात असले," रिक्षावाला म्हणाला.

आबांना पटलं नसल्याचं बघून त्यांचा ड्रायव्हर पुढे आला. बाईंच्या गणितात हा दोनदा नापास झालेला, हे मला नंतर कळलं. "आबा, सकाळी टेस्टिंग बघितली की मी. हीच बाई हुती. तेव्हाबी अशीच करायली हुती."

सकाळी कसलंही टेस्टिंग झालं नव्हतं.

"व्हिडिओ हाय तर थांबवून दाखवा की," आबा म्हणाले आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेठला खरं काय ते ठाऊक होतं, पण आपल्या हातानं व्याह्यांची फसवणूक झालीय की आपली, याचा हिशेब त्याला लागत नव्हता.

"थांबवते," मी म्हटलं आणि आत गेले.

बाहेरच्या भिंतीवरचं चित्र गोठवायला एक बटण पुरतं. ते दाबलं. तळघरात गाणं चालूच होतं आणि बाई नाचतच होत्या. बाहेरून आवाज आला, "बघा आबा! थांबला की न्हाई? व्हिडिओच हाय!" आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी आयुष्यभर भिंतीला जोडायचा प्रयत्न करत आले होते. आज भिंत ठप्प उभी होती आणि समोरच्या सगळ्यांनी एका ठेक्यात टाळी दिली होती.

मग मी देव्हारा लावला. आबांचा हसरा फोटो, मागे सोनेरी चक्र, वरून पाकळ्या. हलगी पेटली, आबा खुर्चीतून उठून हात जोडून स्वतःकडे बघत राहिले. पाकळ्या पडायच्या थांबेपर्यंत त्यांना दुसरं काही दिसलं नसेल.

बाहेर पडायच्या वाटेवर बाईंनी मला नेहमीसारखं सांगितलं की आज वेल एक वीत जास्त गेला. बाहेरच्या कशाचाही त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आले. आबांची गाडी नुकतीच हलली होती, शेठ तिच्या मागे हात हलवत होता. टपरीवर माणसं बसलेली होती. बाई दिसताच बाकडं एकदम हललं. सगळे उठलेच होते. वर्गात बाई शिरल्यावर पोरं उठतात तसे. मग एकाला चप्पल सापडेना झाली, दुसरा शर्ट झटकायला लागला, तिसऱ्यानं उगीच आभाळाकडे बघितलं. अय्युबनं पाठ फिरवली आणि स्टोव्हला पंप मारत राहिला. नमस्कारासाठी निघालेले दोन-तीन हात छातीपर्यंत येऊन परत खिशात गेले. बाईंनी स्कार्फ बांधला, स्कूटी काढली आणि त्या सगळ्यांच्या समोरून गेल्या. एकही जण "नमस्कार बाई" म्हणाला नाही.

आतल्या कॅमेऱ्याची बाहेरच्या भिंतीशी असलेली जोडणी मी त्याच संध्याकाळी उपटून काढली. शेठ ओरडला, मग म्हणाला की आबांचा फोटोवाला व्हिडिओ तेवढा रोज लावा. तो मी लावून दिलाय. आजही तिथं आबा दिवसभर पाकळ्यांत हसतात आणि त्यांच्याखाली म्हशी उभ्या असतात.

पुढच्या रविवारी बाई आल्या त्या फणफणतच. पर्स टेबलावर आपटली.

"काय झालं बाई?"

"तो अय्युब माहीत आहे ना? आणि तो रिक्षावाला, आणि आडतीतला तो लांब हातांचा? पोटच्या पोरासारखं शिकवलंय मी एकेकाला. गेल्या रविवारी समोरून गेले, तर एकानं ओळख दाखवली नाही. अय्युबनं तर पाठ केली माझ्याकडे. ह्या वयात मला त्यांच्या नमस्काराची भूक आहे असं नाही, पण माणसानं काही रीत पाळावी की नाही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर बाई पुन्हा त्या जिन्यानं कधी उतरल्या नसत्या. ते अय्युबला माझ्याआधी कळलं होतं.

"लातूरची माणसं बिघडली, शैला," बाई म्हणाल्या.

"बिघडलीच आहेत बाई," मी म्हटलं आणि कॅमेरा चालू केला.